थोरली साधी, थोरली जाड

प्लायवूडची भिंत घालायला आलेल्या सुताराला दोन भावांच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त एक निळी वायर आडवी येत होती. ती बोटाने उचलून तो म्हणाला, "ही इकडची का तिकडची?"

ते ठरलंच नव्हतं.

बाकी सगळ्याची वाटणी झाली होती. छपाईचं मशीन, शाई, कागदाचे गठ्ठे आणि दोन कॉम्प्युटर धाकट्या भावाकडे. बाकीचे कॉम्प्युटर, कटिंगचं मशीन आणि गिऱ्हाइकं बसायची खोली थोरल्याकडे. खुर्च्यासुद्धा वाटल्या होत्या; ज्या खुर्चीची चाकं चालतात ती कुणाला, यावर एक अख्खी सकाळ गेली होती. पण ही वायर ज्या जुन्या कॉम्प्युटरला जाऊन मिळत होती, त्यात 'अक्षरं' नावाचा एक फोल्डर होता. त्यात सगळे फॉन्ट, आणि शेजारच्या फोल्डरात दोन्हीकडच्या सगळ्या कामांच्या फाईली. दोन्ही बाजूंचे ऑपरेटर सकाळी आले की तिथून लागतील ते फॉन्ट चालू करायचे, संध्याकाळी बंद करायचे. स्वतःच्या कॉम्प्युटरवर कुणी वेगळे ठेवत नसे. आता ह्याचे तुकडे कसे करणार? क ते न तुला, प ते ज्ञ मला?

"भोक ठेव," थोरला म्हणाला. थोरल्याचा स्वभावच तसा. भिंत घालतानाही भोक ठेवणारा.

सुताराने भोक ठेवलं. वायर गेली, आणि वायरीच्या कडेने जागा उरली तिच्यातून दोन्हीकडची बोलणीही जाऊ लागली.

*

नमुना ओळ (त्या आठवड्याची): *थोरली जाड: वर्षागणिक आणखी जाड होत चालली आहे.*

*

हे समजायला दोन गोष्टी माहीत पाहिजेत.

पहिली: थोरल्याच्या बायकोने एक फॉन्ट केला होता. दीर तिला वहिनी म्हणे, म्हणून ऑपरेटर वहिनी म्हणत, गिऱ्हाइकं वहिनी म्हणत, शेवटी नवरासुद्धा चारचौघांत "वहिनींना विचारा" म्हणू लागला. तर ह्या वहिनींनी संसार, पोरं, प्रुफं सगळं सांभाळून कित्येक वर्षं ट्रेसिंग पेपरवर एकेक अक्षर काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. ते स्कॅन करून कॉम्प्युटरवर त्याच्या कडा घासल्या. त्यांचा र वडिलांसारखा पोक काढून उभा राहतो. त्यांची वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर हात ठेवून थांबते. फॉन्टला नाव काय द्यायचं म्हणून सगळे बसले, तेव्हा धाकटाच म्हणाला होता, "थोरली! थोरली साधी, थोरली बारीक, थोरली जाड. कसं?" सगळे हसले होते, वहिनी सगळ्यांत जास्त. तेव्हा धाकट्याची चेष्टा गोड लागायची.

दुसरी गोष्ट: फॉन्टची यादी उघडली की प्रत्येक फॉन्टसमोर एक नमुना ओळ दिसते, तो कसा दिसतो ते कळावं म्हणून. ओळ एकच, शेकडो फॉन्टमध्ये तीच ओळ, खाली खाली खाली. आणि ती एकाने बदलली की सगळ्यांकडे बदलते. भिंत उभी राहिली तसं वहिनींचं आणि दिराचं बोलणं थांबलं. मग धाकट्याने एक दिवस वरची ओळ टाकली. सकाळी वहिनींनी यादी उघडली, तर आमंत्रणपत्रिकेच्या वळणदार अक्षरात, पोरांच्या गमतीच्या पुस्तकातल्या फुगीर अक्षरात, कोर्टाच्या नोटिशीच्या कोरड्या अक्षरात, सगळीकडे त्या जाड होत चाललेल्या.

त्यांनी दात आवळले आणि ओळ बदलली.

*चोराच्या हाती किल्ल्या दिल्या, तर चोर म्हणतो घर दोघांचं.*

दुसऱ्या दिवशी:

*दुकानाची वीज, दुकानाची खुर्ची, दुकानाचा चहा, आणि म्हणे अक्षरं माझी.*

त्यावर:

*भाऊजींचा शब्द: पडद्यावर ठळक, छापला की पुसट.*

ऑपरेटरांची चंगळ झाली. एरवी रडतखडत येणारे आता वेळेआधी येऊन यादी उघडून बसायचे.

तोंडाने म्हणाल तर दोघांत दोनच शब्द उरले होते, आणि ते जुन्या शिरस्त्याचे. कुणाला 'अक्षरं'मध्ये काही बदलायचं असलं, एखादा फॉन्ट काढायचा, नवा घालायचा, दुरुस्त करायचा, तर आधी ओरडायचं: "हात वर!" उघडी फाईल ज्या फॉन्टवर उभी आहे तोच खालून ओढला तर फाईल फुटते. म्हणून ओरडा ऐकला की ज्याने त्याने काम सेव्ह करायचं, फाईल बंद करायची आणि कीबोर्डवरचे हात वर करायचे, दरोडा पडल्यासारखे. बदल झाला की "खाली!" नवीन गिऱ्हाईक पहिल्यांदा हे बघायचं तेव्हा तेही हात वर करायचं. भिंतीनंतरही हा शिरस्ता कुणी मोडला नाही. वहिनी भोकाकडे तोंड करून ओरडायच्या, "हात वर!" पलीकडून खुर्च्या सरकल्याचे आवाज यायचे. भांडण भांडणाच्या जागी.

*

नमुना ओळ: *(कुणीतरी कोरी ठेवली. दिवसभर शेकडो फॉन्ट गप्प.)*

*

मग ती पाटी.

वहिनी भाजी घेऊन घरी चालल्या होत्या. वळणावर एका दुकानावर नवी पाटी लागली होती, उंदीर-घुशी-झुरळांचा बंदोबस्त करणाऱ्यांची. वहिनी पुढे गेल्या. थांबल्या. मागे आल्या.

'झुरळ'मधला र पोक काढून उभा होता.

त्यांचाच. पण आडवा ताणलेला, जागा भरायला, जसा एखाद्याला दोन बाजूंनी दोघांनी धरून खेचावा. वर तिरका केलेला. वेलांटी होती, पण तिचा हात पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नव्हता. ताणल्यामुळे तो घसरून अक्षराच्या डोळ्यात गेला होता. आणि कडेने लाल रेघ. आणि लाल रेघेच्या कडेने पिवळी.

त्या आत गेल्या.

"पाटी कुणी केली?"

"का, आवडली?" दुकानदार खूष. "तुम्हालापण करायचीय?"

"अक्षरं कुठून आणलीत?"

"पाटीवाल्याकडून."

पाटीवाला मागच्या गल्लीत होता. त्याने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. "धाकटे साहेब देतात की! फ्लेक्स छापायला गेलो, म्हटलं काहीतरी नवीन द्या. पेनड्राइव्हवर टाकून दिला. भला माणूस. मी पुढे आणखी दोघातिघांना दिला. सगळे विचारतात हो. तुम्हाला हवा असेल तर..."

"मला?" वहिनी म्हणाल्या. "मला देता तुम्ही?"

"न द्यायला काय झालं? कॉपी केली म्हणून कमी थोडाच होतो?"

*

तेच वाक्य घरीही ऐकायला मिळालं. थोरला जेवत होता.

"अगं, दिव्याने दिवा लावला म्हणून पहिला दिवा विझतो का? कमी काय झालं तुझं?"

"असं? मग तुमची सही करून द्या त्याला. चेकवर, कागदावर, जिथे हवी तिथे वापरू दे. कॉपी केली म्हणून कमी थोडीच होते."

"सही वेगळी."

"कशी वेगळी?"

थोरल्याने घास चावला. बराच वेळ चावला. "तो माझा भाऊ आहे," तो शेवटी म्हणाला.

"आणि मी?"

"तू बायको आहेस. तुला समजून घ्यायला सांगता येतं."

वहिनींनी त्याच्यापुढचं ताट उचललं. त्यात अजून जेवण होतं.

*

नमुना ओळ: *भाऊजी, घुशींचा बंदोबस्त करणारे दुकान सापडले. पत्ता देऊ?*

नमुना ओळ (त्यावर): *वहिनी, गल्लोगल्ली तुमची अक्षरं लावली, आभार राहिले बाजूला. आयत्या पिठावर रेघोट्या आम्ही नाही, तुम्ही ओढता.*

*

ठरलं ते तिथे.

वहिनींना फाईल फोडायची नव्हती, हे ध्यानात ठेवा. त्यांच्यावर उद्या कुणी बोट ठेवलेलं त्यांना चाललं नसतं. त्यांचा बेत असा: थोरलीत लावलेले जेवढे जॉब आहेत तेवढे सगळे उघडायचे, आणि कर्व्ह करायचे.

कर्व्ह करणं हे रोजचंच काम. फाईल बाहेर पाठवायची आणि समोरच्याकडे आपला फॉन्ट नाही, तर अक्षरांची चित्रं करून पाठवायची. क तसाच दिसतो, पण तो आता क नसतो. क च्या आकाराची एक रेघ असते. छापायला काही अडचण नाही. फॉन्टची गरजच संपली. मात्र मजकूर, ज्याला ह्या धंद्यात सगळे मॅटर म्हणतात, तो उरत नाही. एक काना बदलायचा म्हटला तरी बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक ऑपरेटर पहिल्याच दिवशी शिकतो: कर्व्ह केलेली फाईल वेगळ्या नावाने ठेवायची. मूळ तशीच जिवंत राहू द्यायची.

वहिनींनी मूळच कर्व्ह केल्या. त्याच नावाने. मुद्दाम. जिवंत फाईल मागे राहिली तर ती उद्या थोरली मागणार, आणि दीर म्हणणार, बघा, वहिनींनी फॉन्ट पळवून काम बंद पाडलं. चित्रं काही मागत नाहीत. पान न् पान जागच्या जागी, बोट ठेवायला जागा नाही, आणि थोरली मात्र तुमच्या घरातून गेलेली. एक घाव दोन तुकडे.

दुपारी सगळे जेवायला गेले. धाकटा शाई आणायला बाहेर. वहिनींनी एकेक फाईल उघडली, सगळं सिलेक्ट, कर्व्ह, सेव्ह. उघडली, सिलेक्ट, कर्व्ह, सेव्ह. हात असे चालत होते की मन रिकामं. औषधाच्या बाटलीचं लेबल. बालवाडीचा फळा-तक्ता. आणि झाडांचं पुस्तक, जाडजूड, एकेक प्रकरण वेगळ्या फाईलमध्ये. ते करताना मात्र त्या जरा थांबल्या, कारण थोरली कुठे सर्वांत सुंदर दिसत असेल तर त्या पुस्तकात. पानं झरझर खाली गेली. काय शोभा! मग: सिलेक्ट, कर्व्ह, सेव्ह.

शेवटी 'अक्षरं'मधून थोरली साधी, थोरली बारीक, थोरली जाड काढून त्यांनी आपल्या पेनड्राइव्हवर घेतल्या आणि पेनड्राइव्ह पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला.

"हात वर" त्या ओरडल्या नाहीत. ओरडून कुणाला सांगणार, खोल्या रिकाम्या. असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण ओरडल्या असत्या, तर पलीकडे डबा खात बसलेला मशीनवाला भोकाशी येऊन म्हणाला असता, "काय काढताय वहिनी?" आणि उत्तर देताना, निदान तोंडाने वाक्य पूर्ण करताना, आपण आणखी काय घालवतोय ते त्यांच्या लक्षात आलं असतं. शिरस्ता उगाच पडत नसतो.

संध्याकाळी नेहमीसारखं बॅकअप झालं. जुन्यावर नवं.

*

हा फॉन्ट सापडला नाही.
त्याऐवजी दुसरा वापरायचा?
हो / नाही

*

धाकट्याने दुसऱ्या दिवशी यादीत थोरली नाही हे पाहिलं. पाहिलं आणि हसला. पाटीवाल्याला फोन लावला. चहा प्यायच्या आत थोरली परत आली. पेनड्राइव्हवर बसून, कुणीतरी मध्येच तिचं नाव बदलून 'झकास जाड' ठेवलेलं. धाकट्याने ती 'अक्षरं'मध्ये टाकली, आणि भोकाशी तोंड नेऊन, अगदी शिरस्त्याप्रमाणे, भरपूर ओरडला:

"हात वर! वहिनी, थोरली सासरी परत आलीय!"

पलीकडे वहिनींचे हात खरोखरच वर गेले. सवयीने. ते वर गेलेले हात बघून त्यांना इतका संताप आला की त्यांनी ते खाली घेऊन टेबलावर आपटले.

तेवढ्यावर मिटलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्याच आठवड्यात झाडवाल्या बाई आल्या.

झाडवाल्या बाई म्हणजे त्या पुस्तकाच्या कर्त्या. जन्मभर वनस्पती शिकवलेल्या, निवृत्त, काठी टेकत येणाऱ्या, आणि काठीनेच दाखवणाऱ्या. पुस्तकाच्या दर आवृत्तीला त्या यायच्या, प्रुफावर पेन्सिलीने सुधारणा करायच्या, त्या फाईलमध्ये घातल्या गेल्या की प्रुफं घरच्या बंबात घालायच्या. "छापलंय ना? मग कशाला रद्दी?" त्यामुळे इतक्या वर्षांच्या सगळ्या सुधारणा एकाच ठिकाणी होत्या: त्या फाईलमध्ये.

"नवी आवृत्ती," बाई म्हणाल्या. "काही झाडांची कुळं बदललीत. म्हणजे झाडं तीच, माणसांनी कुळं बदलली. बरंच हलवायचंय. उघड."

धाकट्याने फाईल उघडली. कर्सर अक्षरावर नेला. अक्षर म्हणून काही हाताला लागेना. सगळं पान एकदम उचललं गेलं, फळ्यावरचा कागद उचलावा तसं.

त्याने दुसरं प्रकरण उघडलं. तिसरं.

मग तो उठला, भिंतीला वळसा घालून पुढच्या दाराने पलीकडे आला, आणि भिंत घातल्यापासून पहिल्यांदा वहिनींच्या समोर उभा राहिला.

"झाडांचं पुस्तक तुम्ही कर्व्ह केलंत?"

"केलं. सगळी पानं आहेत. बघून घ्या." वहिनींनी फाईल उघडून पडदा त्याच्याकडे वळवला.

"मूळ कुठेय?"

"तेच मूळ."

"वहिनी. मॅटर कुठेय?"

वहिनींनी तोंड उघडलं. तिथे, त्या क्षणी, ते वाक्य शेवटी त्यांच्यापर्यंत पोचलं. मॅटर. इतकी वर्षं त्यांनी ती पानं पाहिली होती, एकेका ओळीतली हवा मोजली होती, दोन अक्षरं जवळ आली की दुरून ओळखली होती. वाचली नव्हती. त्या पानांत अक्षरांखेरीज आणखी काही राहतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"बॅकअप," त्या म्हणाल्या.

"बॅकअपवर पण चित्रं!"

"छापायच्या प्लेट करायला बाहेर पाठवलेली फाईल..."

"ती कायमच कर्व्ह जाते! तुम्हीच शिकवलंत मला!" धाकट्याचा आवाज चिरकला. "माझ्यावर राग होता ना? मग माझं डोकं फोडायचंत. पुस्तकाने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

"पाटीवाल्याने काय उपकार केले होते तुमच्यावर? झुरळांवर लावलीत माझी अक्षरं!"

"झुरळं पण वाचतात लोक! तुमची अक्षरं काय देव्हाऱ्यात ठेवायची? लोकांनी वापरली म्हणून दुखतंय तुम्हाला. कुणी वापरली नसती तर त्याहून दुखलं असतं!"

"मला विचारलं असतंत तर!"

"विचारलं असतं तर दिली असती?"

"नसती!"

"मग!"

"अरे, हळू..." थोरला कटिंग मशीनमागून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," वहिनी.

"दादा, तू गप्प बस," धाकटा. इतक्या दिवसांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

तोवर झाडवाल्या बाई काठी टेकत भिंतीला वळसा घालून आल्या होत्या. त्यांनी वहिनींच्या पडद्यावर आपलं पुस्तक पाहिलं.

"दिसतंय की सगळं," त्या म्हणाल्या. "काय बोंबाबोंब चाललीय?"

"दिसतंय, बाई," धाकटा म्हणाला. "पण मेलंय. आता ह्यातला एक अनुस्वारसुद्धा बदलता येणार नाही. अख्खं पुन्हा टाईप करावं लागेल."

"का मेलं?"

दोघं एकदम बोलायला लागले. बाईंनी काठी जमिनीवर आपटली आणि एकेकाचं ऐकून घेतलं: फॉन्ट कुणी काढला, कुणी वाटला, कुणी पळवला, कुणी परत आणला. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मग त्या वहिनींकडे वळल्या.

"अक्षरं तुझी?"

"हो."

"असतील. झाडं माझी आहेत." काठी उचलून त्यांनी पडद्यावर टेकवली. "हे बघ, हे झाड एका टेकडीवर उरलंय. ती टेकडी खणतायत. उद्या ते कुठे असेल तर इथे. तुझ्या त्या अक्षरांना मी काय माती घालू? आणि तू रे." काठी धाकट्याकडे. "दुसऱ्याचं उचलून गावभर वाटायचं आणि वर भला माणूस! हातावर छड्या मिळाल्या नाहीत वाटतं शाळेत."

धाकट्याने हात पाठीमागे घेतले.

"पुस्तक पुन्हा टाईप करायचं. कोण करणार ते तुम्ही बघा. आणि जिवंत फाईल दोघांकडे पाहिजे, कायम. एक रुसलं तर मी दुसऱ्याकडे जाईन. मला तुमची भांडणं परवडायची नाहीत, माझं वय झालंय."

दोघांकडे जिवंत फाईल म्हणजे दोघांकडे फॉन्ट. दोघांनाही हे एकाच वेळी कळलं.

धाकट्याचे डोळे चमकले. "मी करतो टाईप. थोरलीतच. माझ्याकडे आहेच. वहिनींनी फक्त हो म्हणावं."

'हो' एवढंच हवं होतं त्याला. फॉन्ट त्याच्याकडे होता, पाटीवाल्याकडे होता, गल्लीत होता. नव्हता तो हा एक शब्द. त्या शब्दाखाली सगळी चोरी धुऊन निघाली असती.

"टाईप मी करीन," वहिनी म्हणाल्या.

"थोरलीत?"

"नाही. जो सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आधीपासून असतो ना, त्यात."

"वहिनी, वेड लागलंय का? त्या पुस्तकावर तो फॉन्ट म्हणजे..."

"म्हणजे काय?"

धाकट्याने वाक्य गिळलं. "आपल्या पायावर धोंडा मारून घेताय," तो म्हणाला.

"पाय माझा."

*

वहिनींनी अख्खं पुस्तक टाईप केलं. एका बाजूला चित्र झालेलं पान, दुसऱ्या बाजूला कोरं. बाई शेजारी बसून राहायच्या, कधी डुलकी घ्यायच्या, कधी ओरडायच्या. "अगं 'पानगळी' नाही, 'पानगळ'! वाचतेस का नुसती बघतेस?" वहिनी म्हणायच्या, "वाचते." आणि खरंच वाचत होत्या, दुसरा इलाजच नव्हता. साल कशी सुटते, फूल कोणत्या वेळी उमलतं, बी कोणत्या पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही. आपल्याच अक्षरांत इतकी वर्षं पडून असलेलं हे सगळं त्यांना आता कळत होतं, आणि ते कळून त्यांचा राग कमी होण्याऐवजी वाढत होता. दिरावर, नवऱ्यावर, पाटीवाल्यावर. त्या पक्ष्यावरसुद्धा.

पलीकडून भोकातून धाकटा अधूनमधून विचारायचा, "किती राहिलं?"

"राहिलंय."

"मी थोडं घेतो."

"घ्यायची सवयच आहे तुम्हाला."

आणि कीबोर्ड पुन्हा खडखडू लागायचा.

पहिला छापील फर्मा, पुस्तकाच्या बऱ्याच पानांचा एक मोठा ताव, मशीनवरून निघाला त्या दिवशी बाई मशीनशेजारीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. वहिनी भिंतीला वळसा घालून पलीकडे गेल्या. वाटणीनंतर दिराच्या बाजूला त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. ओला कागद बाईंनी उजेडात धरला. चष्मा पुसला. जुनी आवृत्ती मांडीवर उघडून दोन्ही शेजारी ठेवली. बोट इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"कुळं बरोबर. टेकडीवरचं झाड बरोबर." मग मान हलवत त्या म्हणाल्या, "छान. अगदी पूर्वीसारखंच झालंय."

"अक्षर?" वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"कसलं अक्षर?"

"अक्षर बदललंय. ह्यात आणि त्यात."

बाईंनी पुन्हा पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं. "मला नाही बाई दिसत काही फरक," त्या म्हणाल्या, आणि काठी शोधू लागल्या.

त्या गेल्या. मशीन बंद झालेलं. धाकट्याने फर्मा उचलला, हाताच्या अंतरावर धरला, मग डोळे बारीक करून आणखी लांब.

"मेल्यासारखी ओळ आहे," तो म्हणाला. "सगळी अक्षरं एका रांगेत शिक्षा झाल्यासारखी उभी. ळ कडे तर बघवत नाही, पोट सुटल्यासारखा. शब्दाशब्दांत हवा कुठेय? तुमच्यात 'ळ' नंतर केवढी मोकळी जागा असायची."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. ती जागा ठेवायला त्यांना एक पावसाळा लागला होता. नवऱ्याला ती कधी दिसली नव्हती. बाईंना नाही, पाटीवाल्याला नाही, कुणालाच नाही.

"तुम्हाला कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या.

"कुणी नाही."

"मग?"

"मग काही नाही. वाईट दिसतंय तर वाईट म्हटलं." त्याने फर्मा तसाच धरून ठेवला. "अजून बाकीचे छापायचेत. वहिनी, थोरलीत बदलून द्या. घ्यायचं तर तुमच्या नावावर घेऊ, आत नाव छापू, काय म्हणाल ते..."

"आणि पाटीवाल्याकडची?"

धाकट्याने फर्मा खाली केला. ती परत आणता येत नाही हे त्यालाही माहीत होतं. सांडलेली शाई बाटलीत जात नाही.

वहिनींनी त्याच्या हातातून फर्मा ओढून घेतला. शाई ओली होती, बोटांवर आली.

"छापा," त्या म्हणाल्या. "असंच छापा."